औषधाची चूक, विद्यार्थ्याची हकालपट्टी आणि मधला वेळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

औषध देताना चूक करणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून काढून टाकावे का, हा वाद निघाला की बोलणारे लगेच दोन बाजूंना उभे राहतात. एकीकडे ‘रुग्णाच्या जिवाशी खेळ नको’, दुसरीकडे ‘शिकणाऱ्याकडून चूक व्हायचीच’. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्हींनी काहीच ठरत नाही. नर्सिंग शिकवणारे म्हणून आम्हाला या वादात एक गोष्ट कायम सुटलेली दिसते. ती म्हणजे चूक झाल्यापासून ती वरिष्ठांच्या कानावर जाईपर्यंत गेलेला वेळ. हकालपट्टीचा नियम हा वेळ कमी करतो की वाढवतो, यावरच त्याची पारख करावी, असे आमचे म्हणणे आहे.

हा वेळ मिनिटांत मोजायचा असतो. त्वचेखाली दिलेले रेग्युलर इन्सुलिन साधारण अर्ध्या तासात काम सुरू करते आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो. ४ युनिटऐवजी ४० गेले आणि ते पाचव्या मिनिटाला सांगितले गेले, तर रुग्ण अजून जागा असतो, बोलत असतो. त्याची साखर लगेच पाहता येते, ग्लुकोज सुरू करता येते, पुढचे कित्येक तास ठरावीक अंतराने बोट टोचून लक्ष ठेवता येते. तेच तीन तासांनी, रुग्ण घामाने भिजून बेशुद्ध सापडल्यावर कळले, तर आधी निदानातच वेळ जातो. मॉर्फिन जास्त गेले तर नॅलोक्सोन हा उतारा आहे. पण त्याचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो, त्यामुळे एक डोस देऊन पाठ फिरवता येत नाही. हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधावर प्रोटामिन हा उतारा आहे, ढोबळमानाने १०० युनिटना १ मिलिग्रॅम. मात्र हिशेब धरायचा तो त्या क्षणी शरीरात उरलेल्या हेपॅरिनचा, आणि ते तासा-दीड तासात निम्म्यावर येते. म्हणजे ‘किती वाजता दिले’ याचे खरे उत्तर मिळाले नाही तर उताऱ्याचा डोसही चुकतो. पॅरासिटामॉलच्या अतिडोसावर अ‍ॅसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत मिळाले तर यकृत बहुधा वाचते. त्यानंतर ती खात्री घसरत जाते. झटक्यांसाठी दिलेले मॅग्नेशियम सल्फेट जास्त झाले तर आधी गुडघ्याचा प्रतिक्षेप जातो, मग श्वास मंदावतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये १० टक्क्यांचे १० मिली कॅल्शियम ग्लुकोनेट सावकाश शिरेतून द्यायला सवड असते. पण मॅग्नेशियम जास्त गेले आहे हे कुणाला ठाऊक असेल, तरच!

‘चूक केली की नाव कमी’ हा नियम या घड्याळासमोर ठेवून पाहा. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी रिकाम्या अँप्युलवरचे (औषधाच्या छोट्या बंद कुपीवरचे) लेबल पुन्हा वाचते आणि तिच्या लक्षात येते. रुग्ण तर ठीक दिसतो आहे. कुणी पाहिलेले नाही. सांगितले तर दोन वर्षे वाया, घरी काय सांगायचे, आणि नाही सांगितले तर कदाचित काहीच होणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! अशा वेळी नियम तिला कोणत्या दिशेला ढकलतो हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. अँप्युल शार्प्सच्या, म्हणजे सुया-काचा टाकायच्या डब्यात जाते, तक्त्यावर लिहिलेल्या डोसपुढे सही होते, आणि पुढच्या पाळीची सिस्टर त्या सहीवर विश्वास ठेवून पुढचा डोस भरते. एका चुकीच्या दोन चुका इथे होतात, आणि दुसरी चूक नियमाने घडवलेली असते.

विमान वाहतुकीने हे फार आधी ओळखले. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांनी आपली चूक स्वतःहून कळवायची एक यंत्रणा चालते. ती चालवते नासा, म्हणजे परवाना रद्द करू शकणारी संस्था नव्हे. चूक हेतुपुरस्सर नसेल, गुन्हा वा अपघात नसेल आणि १० दिवसांच्या आत कळवली असेल, तर दंड किंवा परवाना-स्थगितीपासून सहसा सूट मिळते. यात दया कुठेही नाही. सरळ सौदा आहे : तुम्ही माहिती द्या, आम्ही शिक्षा सोडतो, कारण ती माहिती आम्हाला शिक्षेपेक्षा मोलाची आहे.

आता चुका होतात कशा, ते पाहू. बाहेरच्या माणसाला वाटते की ‘नीट वाचले असते तर झाले नसते’. वाचूनही होतात. डॉक्टर लिहितात, कुणी ते तक्त्यावर उतरवते, औषध विभाग पाठवतो, नर्स तयार करते आणि देते. बोस्टनच्या दोन रुग्णालयांत झालेला १९९५ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात ऑर्डर लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या पुढे कुणी ना कुणी पकडल्या. औषध प्रत्यक्ष देतानाच्या चुकांपैकी पकडल्या गेल्या त्या जेमतेम २ टक्के. कारण उघड आहे. डॉक्टरच्या मागे औषध विभाग आणि नर्स उभी असते, नर्सच्या मागे कुणी नसते, थेट रुग्णाचे शरीर असते. नेमक्या त्या शेवटच्या पायरीवर आपण सर्वांत कमी अनुभवाचे माणूस उभे करतो.

त्या पायरीवर काय काय मांडून ठेवलेले असते, तेही पाहावे. इन्सुलिनच्या काही व्हायल (रबरी टोपणाच्या बाटल्या) एका मिलीत ४० युनिटच्या असतात, काही १०० युनिटच्या. दोन्ही प्रकार जिथे चलनात आहेत तिथे सिरिंजही दोन : ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १००चे इन्सुलिन २० च्या रेघेपर्यंत भरले की अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात. ऑर्डरच्या अडीच पट. उलट अदलाबदल झाली तर २० च्या जागी ८ युनिट, आणि मग ‘साखर का उतरत नाही’ म्हणून डोस वाढवला जातो. विद्यार्थ्याने औषध बरोबर घेतले, रेघ बरोबर वाचली, रुग्णही बरोबर. चुकले ते रेघ आणि व्हायल यांचे नाते. ट्रेमध्ये दोन्ही टोपणांच्या सिरिंज एकत्र टाकून ठेवणाऱ्या वॉर्डात ही चूक कुणाचीही वाट पाहत असते. हस्ताक्षराचा घोळ वेगळाच. ‘युनिट’साठी इंग्रजी यू हे एकच अक्षर लिहिले की ते शून्यासारखे दिसते आणि ४ चे ४० होतात. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहावा, दशांशाआधी शून्य लिहावे आणि पूर्णांकानंतर लिहू नये. ‘.५’ मधला टिंब फिकट उमटला की ५, आणि ‘१.०’ मधला उमटला नाही की १०.

पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० मिलीची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती दिसते डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखी : तीच उंची, तेच पारदर्शक प्लॅस्टिक. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला ती चुकून उचलली आणि थेट शिरेत गेली, तर उतारा शोधायलाही वेळ मिळत नाही, हृदय थांबते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि औषध-सुरक्षेवर काम करणारे सगळे गेली अनेक वर्षे एकच सांगत आले आहेत. हे तीव्र द्रावण वॉर्डाच्या उघड्या फळीवर ठेवू नका. तयार, पातळ केलेली बाटली औषध विभागातून येऊ द्या, ते जमत नसेल तर निदान कुलपात, वेगळ्या रंगाच्या पट्टीसह ठेवा. आणखी एक बारकावा पुस्तकात असतो पण घाईत राहून जातो. लटकत असलेल्या सलाईनमध्ये पोटॅशियम टोचले आणि बाटली खाली काढून, किमान दहा वेळा उलटीपालटी केली नाही, तर जड द्रावण तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी, साचते. कागदावर डोस अचूक असतो आणि शिरेत आधी तळचा साठा जातो.

थेंबांचे गणित घ्या. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. मिलीला २० थेंबांच्या साध्या सेटने, म्हणजे सलाईनच्या नळीने, ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटे, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. मायक्रो सेट मिलीला ६० थेंबांचा असतो, त्याने १२५. विद्यार्थ्याने वर्गात पाठ केलेला आकडा एका सेटचा आणि हातात आलेला सेट दुसरा, तर सलाईन तिप्पट वेगाने जाते किंवा एक तृतीयांश वेगाने. थेंबांचा हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो, आणि पाकीट फाडून फेकणे ही पहिली कृती असते. लहान मुलांच्या वॉर्डात मिलिग्रॅम आणि मिली यांची गल्लत सर्वांत घातक. शिरेतून द्यायचे पॅरासिटामॉल मिलीला १० मिलिग्रॅम असते. ६० मिलिग्रॅम म्हणजे ६ मिली. ‘६०’ हा आकडा डोक्यात ठेवून सलाईन-पंपावर ६० मिली लावले की दहापट. १०० मिलीच्या बाटलीत ते आरामात बसते, बाटली संपून शंका येण्याचीही सोय नाही.

हेपॅरिनचे उदाहरण जगभर शिकवले जाते. २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या नळ्या मोकळ्या ठेवण्यासाठी मिलीला १० युनिटचे हेपॅरिन वापरायचे होते. कपाटात भरल्या गेल्या मिलीला १०,००० युनिटच्या व्हायल. लेबल दोन्हींचे निळसर. चूक आधी भरणाऱ्याकडून झाली आणि मग एकापाठोपाठ एक अनेक नर्सच्या हातून निसटली. तीन बाळे दगावली. अनेक प्रशिक्षित नर्सना जे दिसले नाही, ते एका विद्यार्थ्याला दिसायलाच हवे होते असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? डोळा लेबल अक्षर अक्षर वाचत नाही. त्याला जे अपेक्षित असते ते तो ‘पाहतो’. हा आळस नाही. सगळ्यांचे डोळे असेच चालतात.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला यापलीकडे काही खास खड्डे येतात, आणि त्यांची चर्चा फार कमी होते. विद्यार्थी वॉर्डात पाहुणा असतो. सकाळच्या फेरीत डॉक्टर तोंडी म्हणतात, ‘आजचे रक्तदाबाचे औषध थांबवा’. ते सिस्टरला कळते, तक्त्यावर उतरत नाही, विद्यार्थी तक्ता पाहून औषध देतो. किंवा विद्यार्थ्याने ९ वाजताचा डोस दिला, पण सही मार्गदर्शकाची लागते आणि मार्गदर्शक दुसऱ्या वॉर्डात आहे. साडेनऊला सिस्टर रिकामा रकाना पाहून तोच डोस पुन्हा देते. उलटही होते : सिस्टरला वाटते विद्यार्थी देतील, विद्यार्थ्यांची वेळ संपून ते गेलेले असतात, डोस कुणीच देत नाही. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि मोठ्या माणसात ते ६० च्या खाली असतील तर गोळी न देता विचारायचे, हे विद्यार्थ्याला येते. पण ठोके मोजले विद्यार्थ्याने आणि गोळी दिली सिस्टरने, मधे निरोप नाही, असेही घडते. या चारही प्रसंगांत ‘चूक कुणाची’ हे ठरवायला बसले तर सर्वांत सोपे नाव विद्यार्थ्याचे. त्याला नोकरी नाही, संघटना नाही, परवानाही नाही.

मार्गदर्शकाचाही हिशेब मांडला पाहिजे. आम्ही स्वतः त्याच जागी उभे असतो म्हणून तर अधिकच. आठ-दहा विद्यार्थी, प्रत्येकाकडे दोन रुग्ण, सगळ्यांची ९ ची औषधे. एका डोसची नीट तपासणी, म्हणजे तक्ता, अ‍ॅलर्जी, हिशेब, लेबल आणि रुग्णाच्या मनगटावरची पट्टी, पाच मिनिटे धरली आणि रुग्णाला चारच औषधे असली, तरी पाच तासांपेक्षा जास्त वेळ लागेल. औषधे मात्र दहाच्या आत संपतात. याचा अर्थ बहुतेक डोस मार्गदर्शकाने पाहिलेलेच नसतात. हे सगळ्यांना माहीत असते आणि चूक होईपर्यंत कुणाचीच हरकत नसते. याला उपाय आहे : एका वेळी दोनच विद्यार्थ्यांनी औषधे द्यावीत, बाकीच्यांनी त्या दिवशी दुसरे काम करावे, आणि पाळी फिरावी. वेळापत्रक बिघडते म्हणून हे होत नाही.

‘पाच योग्य’ शिकवून आम्ही सुटतो, हेही कबूल करायला हवे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ही पाच ध्येये आहेत. तिथे पोचायचे कसे, हे त्यात नाही. ‘दुसऱ्याकडून तपासून घ्या’ यातही तीच गफलत. ‘दीड मिली ना सिस्टर?’ असे विचारल्यावर होकारार्थी हललेली मान ही तपासणी नव्हे. आकडा ऐकला की समोरच्याचे डोके तोच आकडा सिद्ध करू लागते. खरी तपासणी म्हणजे दुसऱ्याने ऑर्डर आणि व्हायल हातात घ्यायची, पहिल्याचे उत्तर न ऐकता स्वतः गणित करायचे, आणि मग दोन्ही उत्तरे ताडायची. जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम हवे, व्हायलवर २ मिलीत ८० : दोघांचे दीड मिली स्वतंत्रपणे आले पाहिजे. आणि गणिताच्या परीक्षेबद्दल एक. ८० टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य. औषधांत ८० टक्के म्हणजे दहातले दोन डोस चुकीचे. डोसच्या गणिताला शंभरपैकी शंभर मिळेपर्यंत वॉर्डात औषधाला हात नाही, हा नियम कडक असला तर आमची हरकत नाही. तो चुकीच्या आधी लागतो.

व्यत्ययाचाही विषय यातच येतो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सचे निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे औषधाच्या चुका सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. विद्यार्थी कुणालाही ‘थांबा’ म्हणू शकत नाही. ‘अगं, जरा बेडपॅन दे’ म्हटले की हातातली अर्धी भरलेली, लेबल नसलेली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून तिला जावे लागते. परत आल्यावर ट्रेमध्ये तशाच दोन सिरिंज असतात.

तरीही हकालपट्टी कधीच करू नये, असे आम्ही म्हणत नाही. रुग्ण हा कुणाचा सराव नाही, आणि काही विद्यार्थ्यांनी या पेशात येऊ नये हे खरे आहे. प्रश्न आहे तो कशावरून ठरवायचे हा. परिणामावरून ठरवणे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे. दोन विद्यार्थिनी अ‍ॅलर्जीचा रकाना न पाहता अ‍ॅम्पिसिलिन देतात. एकीच्या रुग्णाला अ‍ॅलर्जी नसते, दुसरीच्या रुग्णाचा घसा सुजतो. दोघींचे वागणे तेच; एक पास होते, दुसरीचे नाव कमी होते. पहिली तर पुढेही रकाना पाहणार नाही.

वागणुकीवरून पाहिले तर तीन गोष्टी वेगळ्या दिसतात. नजरचूक, म्हणजे करायचे होते एक, झाले दुसरे. पळवाट, म्हणजे सगळेच मनगटाची पट्टी न पाहता नावाने हाक मारतात, म्हणून हीही मारते. आणि तिसरे बेपर्वाई : धोका दिसत असताना, मनाई असताना केलेले काम. पहिल्याला आधार आणि वॉर्डाची दुरुस्ती, दुसऱ्याला शिकवण आणि देखरेख, तिसऱ्याला शिक्षा. ओळखायची कसोटी साधी आहे. त्याच बॅचमधल्या तीन-चार सर्वसाधारण विद्यार्थ्यांना तोच वॉर्ड, तोच ट्रे, तीच घाई दिली असती, तर त्यांच्याकडूनही हे होऊ शकले असते का? ‘हो’ असेल, तर एका विद्यार्थ्याला काढणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ट्रे तोच राहतो, पुढची बॅच येते.

नाव कमी करण्याजोगे काय, तेही स्पष्ट लिहितो. चूक लक्षात आल्यावर लपवणे. न मोजलेली नाडी ‘७२’ म्हणून लिहिणे. ठोके मोजायला विसरणे ही चूक, न मोजता आकडा लिहिणे हा खोटेपणा. देखरेखीशिवाय शिरेतून औषध द्यायचे नाही असे लेखी सांगितलेले असताना, जाणूनबुजून देणे. वॉर्डातले गुंगीचे औषध चोरणे किंवा नशेत कामावर येणे. आणि नीट प्रशिक्षण, देखरेख व पुरेसा वेळ देऊनही त्याच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा होणे. शेवटच्या प्रकारात राग नको, पण पेशा बदलायचा सल्ला स्पष्ट हवा. रुग्णाच्या सुरक्षेची बाजू मांडणाऱ्यांना आम्ही विचारतो, यातून कुठला धोकादायक विद्यार्थी सुटतो?

सगळे प्रसंग इतके स्वच्छ नसतात, हेही खरे. टेनेसीत २०१७ च्या डिसेंबरात एका नर्सने मिडाझोलाम या गुंगी आणणाऱ्या औषधाऐवजी वेक्युरोनियम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारे औषध दिले आणि रुग्ण दगावली. औषधांच्या संगणकीय कपाटात तिने मिडाझोलामच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाकली होती, कपाट मूळ नावांवर लावलेले होते, आणि जे वर आले ते तिने काढले. इथे यंत्रणेचा दोष आहेच. पण मिडाझोलाम द्रव असते आणि वेक्युरोनियम पावडर. ती विरघळवावी लागली, टोपणावर इशाराही होता. यातले नजरचूक किती आणि पळवाट किती, यावर जाणकारांतही एकमत नाही. २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी ठरवले, तीन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाऐवजी देखरेख) झाली. तिने चूक कळताच स्वतः कबूल केली होती, ही गोष्ट मात्र जगभरच्या नर्सनी लक्षात ठेवली. त्या प्रकरणातून रुग्णांच्या पदरात खरोखर जे पडले ते शिक्षेतून आलेले नाही : कपाटात औषध शोधताना किमान पाच अक्षरे टाकायला लावा, ही औषध-सुरक्षा तज्ज्ञांची शिफारस.

मग चूक झाल्यावर महाविद्यालयाने करावे काय? पहिला तास रुग्णाचा. औषध किंवा ड्रिप थांबवणे, सुई काढायची नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध, गरज असेल तर साखर. डॉक्टरला औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या चार गोष्टी एका दमात सांगणे. व्हायल, अँप्युल, सिरिंज जपून ठेवणे. केसपेपरवर घडले ते लिहायचे, खाडाखोड न करता, मत न देता : ‘९ वाजून १० मिनिटांनी अमुक मात्रा दिली गेली, डॉक्टरांना ९.१४ ला कळवले’. घटनेचा अहवाल वेगळ्या कागदावर. विद्यार्थ्याला त्या दिवशी पुढचे औषध देऊ देऊ नये, पण वॉर्डाबाहेर हाकलूही नये. हात थरथरत असलेल्या माणसाला एकटे सोडणे धोक्याचे असते. रुग्णाला आणि नातेवाइकांना त्याच दिवशी डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टरने सांगावे. विद्यार्थिनीला पुढे करून माफी मागायला लावणे हा भित्रेपणा आहे.

चौकशी आठवड्याच्या आत, आणि ती वॉर्डात जाऊन व्हावी. प्राचार्यांच्या खोलीत बसून ट्रे दिसत नाही. तीच वेळ, तोच तक्ता, तीच फळी, दिवा किती, व्यत्यय किती, मार्गदर्शक कुठे. त्यानंतर विद्यार्थ्याला औषध देण्यापासून काही काळ दूर ठेवून, सरावाच्या पुतळ्यावर तोच प्रसंग पुन्हा, गणिताची नवी चाचणी, मग मार्गदर्शकाच्या नजरेसमोर सलग ठरावीक संख्येने बिनचूक डोस. किती, ते महाविद्यालयाने आधीच लिहून ठेवावे, म्हणजे माणूस पाहून आकडा बदलणार नाही. निसटत्या चुकांची, म्हणजे रुग्णापर्यंत पोचण्याआधी लक्षात आलेल्या चुकांची, एक बिननावाची वही वॉर्डात ठेवावी आणि दर महिन्याला ती वर्गात वाचावी. वही कोरी राहिली तर चुका होत नाहीत असे समजू नये.

यातले फार काही एकदम होणार नसेल, तर निदान नव्या बॅचच्या नियमावलीत सध्याचे एक कलम मोडून दोन करावीत. ‘औषध देताना चूक झाल्यास ती लक्षात येताच कळवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव केवळ त्या चुकीसाठी कमी केले जाणार नाही.’ आणि ‘चूक लपवल्यास किंवा खोटी नोंद केल्यास, रुग्णाला इजा झालेली नसली तरी, नाव कमी केले जाईल.’ ही दोन वाक्ये पहिल्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचावीत, आणि त्याखाली विद्यार्थ्यांच्या आधी प्राचार्यांनी सही करावी.

आपले,
नर्सिंग शिकवणारे काही शिक्षक व शिक्षिका